क्रम्प थिएटर आणि कोपऱ्यापलीकडचं आइस्क्रीम

शनिवार, कोलंबस (इंडियाना)

पुण्यात कोथरूडच्या कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीतून इथे कामाला आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी हौसेनं इमारती दाखवायला नेतं. गाव जेमतेम पन्नास हजार वस्तीचं, पण नामवंत वास्तुविशारदांच्या इमारती भरपूर: एरो सारिननची 1954 ची काचेची बँक, त्याच्या वडिलांचं चर्च, आय. एम. पेईचं वाचनालय, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. ते सगळं बघून झालंय. आज मैत्रिणीच्या आईला, काकूंना, घेऊन थर्ड स्ट्रीटवरच्या क्रम्प थिएटरपाशी गेले.

1889 मध्ये जॉन क्रम्पने बांधलं तेव्हा ते ऑपेरा हाऊस होतं. पुढे सिनेमे लागू लागले आणि 1941 मध्ये दर्शनी बाजू पार बदलली. विटांवर रंगीत काचेच्या गुळगुळीत फरशा चढवल्या. त्या काचेला व्हिट्रोलाइट म्हणतात. ती बनणं कधीच बंद झालंय, म्हणजे एक फरशी तडकली की जोडीला दुसरी शोधत बसा. थिएटरही बरीच वर्षं बंद पडलं होतं, आजही खेळ नव्हता. काकूंनी मान वर करून पाटी वाचली. "अगं, खेळ नाही तर पाटी कशाला ठेवलीय?" मी म्हटलं, "काकू, आता पाटीच बघायला येतात लोक." त्यांना ते मुळीच पटलं नाही.

तिथून दोन मिनिटांवर, वॉशिंग्टन स्ट्रीटवर, झाहाराकोज. तीन ग्रीक भावांनी 1900 साली काढलेलं आइस्क्रीम पार्लर. ऑनिक्स दगडाची सोडा फाउंटन्स, म्हणजे सोड्याची पेयं देणारे नळ, आणि जर्मन बनावटीचा वेल्टे ऑर्केस्ट्रियन, म्हणजे आपोआप वाजणारं वाद्यवृंदाचं कपाट. पाइप आतून, ढोल आतून, वाजवणारा कुणी नाही. सुरू झाल्यावर काकू चमचा तसाच धरून बघत राहिल्या. हे दुकानही 2006 मध्ये बंद पडलं होतं, वाद्य विकलं गेलं होतं. मग गावातल्याच एका उद्योजकानं जागा घेतली, वाद्य परत मिळवलं आणि 2009 मध्ये दारं उघडली.

मग क्रम्पचं इतकी वर्षं असं का झालं नाही? मला तरी हिशोब सरळ दिसतो. आइस्क्रीम भर दुपारीही खपतं. थिएटरला एका वेळी शेकडो माणसं लागतात आणि छत, वायरिंग, आगीचे नियम यांचा खर्च आधी येतो. शिवाय या गावाला नाव मिळालं ते कमिन्सचे प्रमुख राहिलेल्या जे. आयर्विन मिलर यांच्यामुळे: कमिन्स फाउंडेशननं 1957 पासून नामवंत वास्तुविशारदांची फी भरायची तयारी दाखवली, पण ती शाळा, अग्निशमन केंद्रं अशा सार्वजनिक इमारतींसाठी. तिकिटावर चालणारं सिनेमागृह त्यात कुठे बसणार?

दुकानांकडे दुर्लक्ष झालं असंही नाही. 1964 मध्ये डिझायनर अलेक्झांडर जिरार्डनं वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्याच जुन्या दर्शनी भिंतींना रंग आणि पाट्या ठरवून दिल्या. पाडापाडी न करता रंगरंगोटी! मला तर ही कल्पना बँकेच्या काचेपेक्षा जास्त शहाणपणाची वाटते, ऑफिसात कुणी ऐकून घेत नाही ते सोडा.

काकूंनी बिल स्वतः दिलं आणि घरी जाताना विचारलं, पुढच्या शनिवारी एखादा चालू असलेला सिनेमा दाखवशील का.