सतरा नंबरचं गुलाबी

सदाफुलीची पानं लेडीज हॉस्टेलच्या कुंपणाजवळून आणली होती. पानावरची बुरशी नको, आतली हवी. म्हणून आधी पानांना आंघोळ. ७० टक्के अल्कोहोलमध्ये एक मिनिट, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन, परत अल्कोहोल, मग निर्जंतुक पाण्यात तीनदा. शेवटचं पाणीही मी बुरशी वाढवायच्या प्लेटवर पसरते. तिथे काही उगवलं तर आंघोळ फुकट. बरेच जण ही प्लेट लावतच नाहीत, मग धुळीतली ॲस्परजिलस बुरशी 'एन्डोफाइट', म्हणजे पानाच्या आत राहणारी, म्हणून मिरवते. चार-पाच दिवसांनी पानाच्या कापलेल्या कडेतून पांढरे तंतू डोकावतात, ते बघायला मी अजूनही लवकर येते.

या बुरश्यांत आम्ही एल-ॲस्पॅराजिनेज शोधत होतो. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हे एन्झाइम देतात. औषधाचं येतं ते ई. कोलाय आणि अर्विनिया या जिवाणूंतून. त्याच आजारावरचं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीत असतं, यावर सर फार खूश. बुरशीने या एन्झाइमने ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल फोडलं की अमोनिया सुटतो, माध्यम, म्हणजे प्लेटमधलं बुरशीचं खाद्य, अल्कधर्मी होतं आणि त्यातलं फिनॉल रेड हे रंगसूचक पिवळ्याचं गुलाबी होतं.

सोमवारी इन्क्युबेटर उघडला, तर सतरा नंबरची प्लेट काठापर्यंत गुलाबी! सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, पोस्टरचं टायटलसुद्धा ठरवलं. "कंट्रोल बघायचाय अजून," मी म्हटलं. "बघू गं नंतर." फ्रिजमध्ये जागा नव्हती, म्हणून पिवळ्या राहिलेल्या बावीस प्लेट्स लॅबच्या मामांकडे ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेवर मारून टाकायला, दिल्या. मीच दिल्या.

दुपारी खालच्या कप्प्यातला कंट्रोल, म्हणजे त्याच बुरशीची तुलनेसाठीची प्लेट, काढला. त्यात ॲस्पॅराजिन नावालाही नाही, त्याऐवजी सोडियम नायट्रेट. तोही गुलाबी. बुरशी नायट्रेट खाते तेव्हाही माध्यमाचा पीएच चढतो, एन्झाइमचा काही संबंध नसतो. तरी संध्याकाळी गाळलेल्या द्रवावर नेसलर, म्हणजे अमोनिया असला तर रंग गडद करणारी चाचणी, करून पाहिलं. ब्लँक (तुलनेची) आणि टेस्ट, दोन्ही नळ्या खिडकीपाशी धरल्या: सारख्याच फिक्या पिवळ्या. सर म्हणाले, फोटो तर चांगला आलाय. असे गुलाबी फोटो मी छापील पेपरांतही बघितलेत, शेजारी कंट्रोलचा पत्ता नाही.

पण मला सतरा नंबर छळत नाही. छळतात त्या पिवळ्या. माध्यमात ग्लुकोज असतं, काही बुरश्या त्यातून आम्ल सोडतात. अमोनिया सुटला तरी रंग दबतो. सहा आणि अकरा नंबरला तर मखमलीसारखी दाट वाढ होती, आणि त्या प्लेटमध्ये नायट्रोजन म्हणून ॲस्पॅराजिनशिवाय काहीच नव्हतं. मग ती वाढ कशावर झाली?

मामांचा ऑटोक्लेव्ह तोवर उतरून गार झाला होता. सहाची स्लँट, म्हणजे नळीत जपलेली जिवंत प्रत, करून ठेवली होती का, म्हणून वही तीनदा चाळली. नाही ठेवली.