मेळघाटात एक दिवस, वाघ सोडून बाकी सगळं

आधीच सांगतो, वाघ दिसला नाही. ज्यांना तेवढंच वाचायचं होतं त्यांनी इथूनच परत फिरावं.

बुद्धपौर्णिमेच्या मचाणावरच्या रात्रीसाठी मेळघाटात गेलो होतो. गवे आले, सांबर आलं, डास तर रात्रभर मुक्कामालाच होते. पण खरी मजा दुसऱ्या दिवशी आली. रीतसर परवानगी काढून बफरमधल्या (म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या पट्ट्यातल्या) एका वनरक्षक ताईंबरोबर त्यांच्या बीटवर, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या जंगलात, फिरायला मिळालं. ताई अचलपूरकडच्या, वय तिशीच्या आत, सोबत एक कोरकू वनमजूर काका, त्यांच्या हातात काठी आणि खांद्यावर पाण्याची कॅन. बंदूक वगैरे काही नाही.

सकाळी सहालाच निघालो कारण मे महिन्यात दहानंतर इथं माणूस भाजून निघतो. सागाला पान नाही, सगळी पानं खाली, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज, आणि मी आपला शहरी माणूस मान वर करून पक्षी शोधतोय. मेळघाट म्हणजे रानपिंगळ्याचं घर ना. हा पक्षी शंभराहून जास्त वर्षं कुणाला दिसलाच नव्हता, मग १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ सापडला आणि नंतर इथंही. तर मी वर बघतोय आणि ताई म्हणतात, "दादा, तुमी वर काय पाहून रायले, खाली पाहा ना." मग कळलं की हे दोघं पूर्णवेळ खालीच बघत चालतात. कुणाचा माग, कुणाची विष्ठा, ओळखीचा नसलेला बुटाचा ठसा, कुऱ्हाडीचा ताजा घाव. पायवाट जिथं अरुंद होते तिथं काका काठीनं धूळ चाचपत पुढे जात होते. शिकारी लोखंडी सापळा अशाच जागी मातीखाली पुरतात, वाघाचा पाय पडला की दात मिटतात. बरं, माणसाचा पाय पडला तरी मिटतातच.

ताईंच्या मोबाईलवर एमस्ट्राइप्स नावाचं अ‍ॅप चालू होतं, त्यात चाललेला रस्ता जीपीएसनं आपोआप नोंदला जातो, मधे काही दिसलं की फोटो आणि नोंद. नेटवर्क नसलं तरी चालतं, रेंजमध्ये आलं की अपलोड. म्हणजे "फिरून आलो साहेब" असं नुसतं सांगून भागत नाही. हजारावर हेक्टरची बीट आहे, आणि भरतीतच बायकांना ४ तासांत १६ किलोमीटर चालून दाखवावं लागतं (पुरुषांना २५), तेव्हा माझी दोन तासांत काय हालत झाली ते विचारू नका.

एका वळणावर काका थांबले. धुळीत पंज्याचा ठसा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या, त्याच्यावरून एका किड्याची बारीक रेघ गेलेली. काका वाकून म्हणाले, "कुला मामा रातको गया." कुला म्हणजे कोरकूत वाघ. किडे रात्री फिरतात, म्हणजे ठसा त्याच्याही आधीचा, असा त्यांचा हिशोब. मला तर अंगावर काटा आला पण ताईंनी शांतपणे फोटो काढला, नोंद केली, चला पुढे. भीती नाही वाटत का, असं विचारलंच मी. "वाघाचं काई नाही जी, तो आपल्याले पाहून बाजूले होते. अस्वलाचं सांगता येत नाही." मग थोडं थांबून ताडोब्याची गोष्ट काढली. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथं खुणांचं सर्वेक्षण करत असताना एका महिला वनरक्षकाला वाघिणीनं मारलं होतं. "आमीही तेच काम करतो ना," एवढंच बोलल्या.

दिवसातला सगळ्यात भारी प्रकार म्हणजे कॅमेरा ट्रॅप, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कारण वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटवायला दोन्ही लागतात. कार्ड बदललं, सेल बदलले, आणि मग टेस्ट कशी करायची तर साठीला आलेले काका चक्क चार पायांवर रांगत, मान हलवत, वाघासारखे डुलत कॅमेऱ्यासमोरून गेले. क्लिक झालं नाही म्हणून परत एकदा गेले. मी हसून हसून बेजार, ते मात्र एकदम सिरियस, हे त्यांचं नेहमीचंच.

पाणवठ्यावर मात्र कुणी हसत नव्हतं. सोलर पंपावर भरणारा बशीसारखा सिमेंटचा खड्डा, उन्हाळ्यात सगळं जंगल त्याच्यावर येतं, म्हणजे विष कालवायचं असेल तर तीच जागा. ताईंनी आधी भोवती चक्कर मारली, एखादा मेलेला पक्षी किंवा मधमाश्या पडल्यात का बघितलं, पाण्याचा वास घेतला, कागदाची पट्टी बुडवून रंग पाहिला, आणि वर झाडांवर कुणी लपून बसायला फांद्या बांधल्यात का तेही. दिवसात वर बघितलं ते तेवढंच.

दुपारी कुटीवर पोळी-बेसन खाल्लं आणि जरा आडवं होतोय तोच फोन, सॅटेलाईटवर फायर पॉइंट आलाय, म्हणजे कुठंतरी आग दिसलीय म्हणून. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम, मोहाखाली पाचोळा जाळतात, तेंदूपत्त्यासाठी पेटवतात, कधी नुसती बिडी. मेसेज आला की जाऊन बघावंच लागतं. पाला उडवायचा ब्लोअर पाठीला मारून बाईकवर तिघं निघालो, रस्ता म्हणजे नुसते दगड. पोचलो तर जंगलाच्या हद्दीबाहेर एक शेतकरी बांधावरचा काडीकचरा जाळत बसलेला. ताईंनी त्याला असं काही झापलं की तो बिचारा मातीच टाकत सुटला, तोवर काकांनी जंगलाच्या बाजूचा पाला ब्लोअरनं लांब उडवून दिला. आग लागो न लागो रिपोर्ट द्यावाच लागतो, म्हणून फोटो, लोकेशन, "क्षेत्र हद्दीबाहेर" असं भरणं चालू, आणि तेवढ्यात शेतकऱ्याच्या बायकोनं चहा आणला. त्याला ताईंनी नाही म्हटलं नाही.

जायचं असेल तर अमरावती, परतवाडा, मग घाट चढून सेमाडोह. १९७३-७४ मध्ये देशात पहिले ९ व्याघ्रप्रकल्प झाले त्यातला हा एक, महाराष्ट्रातला पहिला, तरी ताडोब्यासारखी जिप्सींची रांग इथं नाही आणि वाघाची हमी तर मुळीच नाही. सफारीचं बुकिंग आधी ऑनलाईन करा. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते, चिखलदरा मात्र तेव्हाच बघण्यासारखं. आणि सेमाडोहला थांबून रबडी खा, परतीच्या वाटेवर राहू देऊ नका, मी राहू दिली तर संपलेली होती.