खुर्ची रिकामी झाली तेव्हा

"सर, थॉमसची वाक्यं तुम्हीच वाचा की!"

आज मंगळवार पेठेतल्या नाटकाच्या तालमीत नटी एवढंच म्हणाली. दिग्दर्शक खुर्ची सोडून तिच्यासमोर उभा राहिला. ती रिकामी खुर्ची डोक्यातून जाईना.

अमेरिकी नाटककार डेव्हिड आइव्हजच्या 'व्हीनस इन फर' (२०१०) या नाटकातही हेच घडतं. पात्रं दोनच. ऑडिशनला उशिरा आलेली नटी वांडा दिग्दर्शकालाच, म्हणजे थॉमसला, समोरची भूमिका वाचायला लावते, मग त्यालाच सूचना द्यायला लागते.

गडबड होते ती थॉमस करणाऱ्याकडून. तो पहिल्याच प्रवेशात दबला, की पुढे उलटायला काही उरतच नाही. सुरुवातीला त्यानं तिचं वाक्य तोडायलाच हवं. हशा तिथेच आहे! नंतर तीच तोडातोड तिच्याकडे जाते, आणि प्रेक्षक हसता हसता गप्प होतात.

तुम्ही बसवत असाल, तर ती खुर्ची कुठे ठेवाल?