बकऱ्याची धमनी आणि निपाणीची बिडी

निपाणीत वाढलेल्या माणसाला निकोटिन वेगळं शिकवावं लागत नाही. वखारीत तंबाखू चाळायला घेतली की गल्लीभर ठसका. आमचे मामा अशाच एका वखारीत मुकादम होते. त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला तेव्हा मी बी.फार्म.ला होते. डॉक्टर म्हणाले, बर्गरचा आजार आहे, हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बिडी बंद. मामा म्हणाले, "सगळं गाव तंबाखूवर जगतंय, आन् मी बिडी सोडू व्हय?" अंगठा गेला, बिडी राहिली.

पुढं मी रक्तवाहिन्यांच्या औषधशास्त्रात शिरले ती मामांमुळं, असं सांगितलं की लोकांना बरं वाटतं. खरं म्हणजे बेळगावात आमच्या लॅबमध्ये तेवढाच एक ऑर्गन बाथ, म्हणजे जनावराच्या अवयवाचा तुकडा जिवंत ठेवायचं भांडं, रिकामा होता.

तेव्हा कायमोग्राफ होते. ड्रमवर कागद चिकटवायचा, रॉकेलच्या धुरावर काजळी धरायची आणि त्यावर लीव्हरच्या टोकानं पांढरी रेघ उमटताना बघत बसायचं. साडीच्या पदराला काजळी लागलेली नाही असा दिवस नसायचा. रेघ वर गेली की धमनी आवळली, खाली आली की सैलावली. महाधमनी काचेच्या कांडीवर चढवून, बटाट्याची साल निघते तशी तिरकी कापत गेलं की लांब पट्टी मिळायची. ती ३७ अंशांच्या क्रेब्ज नावाच्या क्षारांच्या द्रावणात टांगायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे. आणि मग एक कोडं पडायचं: ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंतून सुटणारं रसायन जिवंत जनावराला टोचलं की वाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, तेच पट्टीवर टाकलं तर पट्टी सैलावायचं नाव नाही, उलट आवळते.

हे कोडं रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाच्या समोर १९५३ पासून होतं. सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर त्यानं अख्खी कारकीर्द काढली. उजेड पडला तरी पट्टी सैलावते, हेसुद्धा त्यानंच १९५५ मध्ये छापलं होतं. १९५६ पासून तो न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला. १९७८ मध्ये त्याच्या तंत्रज्ञानं, डेव्हिड डेव्हिडसननं, धमनी आवळणारं आधीचं नॉरएपिनेफ्रिन धुऊन न काढताच कार्बाकॉल टाकलं. कार्बाकॉल म्हणजे ॲसिटिलकोलिनचंच भावंड. धमनी आवळायला हवी होती, ती सैलावली. दुसरा कुणी असता तर "नीट धुवा, परत करा" म्हणून वहीत काट मारली असती. फर्चगॉटनं तेव्हा साठी ओलांडली होती. त्यानं आधी तुकडा तपासला. या वेळी पट्टी नव्हती, धमनीची आडवी कापलेली कडी होती. पट्टी कापताना आतला भाग घासला जायचा आणि पेशींचा एकच थर असलेलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, निघून जायचं. कडीत ते शाबूत होतं.

मग त्यानं जो प्रयोग केला तो मला नोबेलपेक्षा मोठा वाटतो. अस्तर खरवडलेल्या पट्टीवर अस्तर असलेली पट्टी तोंडाला तोंड लावून ठेवली. ॲसिटिलकोलिन टाकलं. खरवडलेली पट्टी सैलावली! म्हणजे अस्तरातून काहीतरी झिरपून पलीकडच्या स्नायूपर्यंत पोचत होतं. १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू असावा, हे १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो हा दुसरा अमेरिकन औषधशास्त्रज्ञ, दोघांनी वेगवेगळं मांडलं. १९८७ मध्ये संशोधक साल्वादोर मोंकाडांच्या गटानं प्रत्यक्ष मोजून दाखवलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळालं. मोंकाडा राहिले. तीनच्या वर नावं देत नाहीत हा नियम मला कधीच पटला नाही.

मुराद यांनी १९७७ मध्येच दाखवलं होतं की नायट्रोग्लिसरिन या हृदयाच्या दुखण्यावरच्या औषधातून हाच वायू सुटतो. छातीत कळ आली की आपल्याकडं खिशातून काढून जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट त्याच घराण्यातली. अस्तराला जे जमेना ते गोळी बाहेरून पुरवते.

मामांचं कोडं मात्र एवढ्यानं सुटत नाही. निकोटिन वाहिन्या आवळतं आणि धुरातली मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) नायट्रिक ऑक्साइड काम करायच्या आत खाऊन टाकतात, एवढं पक्कं. पण बर्गरच्या आजारात हातापायांच्या बारीक वाहिन्यांत सूज येऊन गुठळ्या का होतात, याचं पूर्ण उत्तर आजही कुणाकडं नाही. खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणं. आणि निपाणीत तो बोलायला सोपा नाही. घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत आल्यात, पोरांच्या फिया त्यावर भरल्यात.

आता लॅबमध्ये काजळी नाही. धमनीची ओढ विजेच्या संकेतात बदलणारा ट्रान्सड्यूसर आला, रेघ संगणकावर उमटते. प्रॅक्टिकलला जनावरं जवळपास बंद झाली, तेही बरंच झालं. संशोधनाला धमनी लागली तर अटेंडर सकाळी मटणाच्या दुकानात थर्मास घेऊन जातो. थर्मासमध्ये गार क्रेब्ज. खाटकाला आता सांगावं लागत नाही, बकऱ्याची महाधमनी न ताणता, चरबीसकट काढून देतो. पोरांना मी एकच सक्ती करते: कडी तारेवर चढवताना आतून घासायची नाही, आणि आवळलेल्या कडीवर पहिल्यांदा ॲसिटिलकोलिन टाकून बघायचं. नाही सैलावली, तर ती कडी बाद; दुसरी कापा.