हेम्मडग्याचा मुक्काम

बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं, किल्ला मात्र शिवकालीन. तिथल्या हेम्मडगा गावच्या कॅम्पला मुक्काम असेल तर पेट्रोल अन् रोकड खानापुरातच उरका, पुढे रेंजचाही भरवसा नाही. पावसाळ्यात हलात्री नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं की अनमोड रस्ता बंद. पाणी उतरेपर्यंत थांबायचं, गाडी घालायची नाही.

जळवा तर विचारूच नका! मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढू नका, नख आडवं सरकवून सोडवा. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून वाहत राहतं. घाबरू नका, कापड दाबून धरा. याच जंगलातल्या बारापेडे गुहेत दुर्मिळ वटवाघळं आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे फिरकू नये. अंधार पडल्यावर फक्त रातकिडे.