चित्र काढायला एवढा अभ्यास कशाला?

बेळगावात, खानापुरात, अगदी निपाणीच्या लग्नातसुद्धा मला एकच प्रश्न विचारला जातो : "हात तर चांगला आहे, मग गोष्टीला चित्र काढण्याआधी सहा-सहा महिने जुनी मासिकं आणि लुगडी कसली तपासत बसता?" आजवर मी विषय बदलत आले. गेल्या महिन्यात माझ्याच विद्यार्थिनीने तो विचारला, म्हणून हे लिहिते आहे.

डिप्लोमाच्या वर्षांत मी स्वतः याहून कठोर होते. कलेचा इतिहास परीक्षेपुरता आणि खरे काम टेबलावर, असे मी भांडून सांगत असे. मी आळशी नव्हते; वाचत बसले तर रेषेतला जोर जाईल, ही भीती होती. ती भीती खोटी होती असे आजही मी म्हणणार नाही.

मग ते पुस्तक आले. खानापूर तालुक्यातल्या आजी-नातीची गोष्ट, २४ चित्रे. आजी मी दोन दिवसांत रंगवली, कारण तिला शोधावेच लागले नाही. काठाला जर, पदरावर मोर, अशी ती हातातून आपोआप उतरली. छापील प्रत घेऊन मी गावी मोठ्या आत्याकडे गेले, कारण गोष्टीतले घर तिच्याच घरावरून काढले होते. तिने चष्मा लावून एकेक पान उलटले, सोपा ओळखला, परसातला फणस ओळखला आणि आजीवर बोट ठेवून विचारले, "ही कोण गं? पुण्याची पाव्हणी आलीय काय?" मी म्हटले, "आत्या, ही तूच." ती काही बोलली नाही. उठून तिने ट्रंक उघडली आणि स्वतःच्या लग्नातले इरकली लुगडे माझ्या मांडीवर ठेवले. अंग सुती, पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. माझा हात धरून तिने तो दोन्हींच्या सांध्यावरून फिरवला. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा असतो, फाशात फासा अडकवून ते जोडलेले असतात, हे मला तिथे पहिल्यांदा बोटांना कळले. असल्याच पदराला तोंड पुसत मी लहानाची मोठी झाले होते, आणि २४ चित्रांत तो एकदाही आला नव्हता.

परत आल्यावर, माझी ती आजी आली कुठून, याचा मी माग काढला. ती सापडली माझ्या शाळेतल्या वह्यांत, चित्रकार दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठांवरून केलेल्या नकलांत. दलाल मडगावचे, १९४५ साली त्यांनी मुंबईत 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. त्यांच्या स्त्रियांची ऐट त्यांची स्वतःची होती आणि तिच्यात काहीच उणे नव्हते. मी मात्र ती कधी अभ्यासली नाही, नुसती उचलली, आणि पुढे तिलाच माझा हात समजत राहिले.

त्यानंतर लुगडे समोर टांगून मी महिनाभर फक्त चुण्या काढल्या. सुती अंगाची चुणी कडक, मोडून पडते. रेशमी पदर ओघळतो. सांध्यापाशी रेषेला थांबावेच लागते. हे पुस्तकात मिळाले नसते हे खरे, पण तो सांधा कसा विणतात हे विचारले नसते तर तो मला दिसलाही नसता.

आंबोली घाट उतरून पिंगुळीला गेले तेही याचसाठी. तिथल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत एकेक चित्र लोकांसमोर धरून गोष्ट सांगतात. त्यातली ठळक बाह्यरेषा आणि मोठाले डोळे मला चित्र आणि बघणारे यांच्यातल्या अंतराला दिलेले उत्तर वाटतात. आमच्याकडची मुले आज चित्र तळहाताएवढ्या मोबाईलवर पाहतात. म्हणून कच्ची चित्रे त्यांना मोबाईलवरच दाखवून, आधी काय दिसले ते मी लिहून घेते आणि मगच रंगाला हात लावते. याला संशोधन म्हणायचे की नाही ते तुम्ही ठरवा. माझे चित्र तिथेच सुरू होते.

पण माझी रेषा सावकाश झाली आहे, हेही मला दिसते. दोन दिवसांत काढलेल्या त्या चुकीच्या आजीच्या चेहऱ्यावर जे होते, ते नंतरच्या अचूक आजीत मला आणता आलेले नाही. लुगडे अजून माझ्याकडेच आहे. आत्या ते परत मागत नाही, भेटले की एवढेच विचारते, "जमलं काय गं?" मी अजून तिला हो म्हटलेले नाही.