हाडांच्या स्कॅनमध्ये दिसलेलं पोट

त्या सोमवारी यादीत हाडांचे पाच स्कॅन होते. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात याहून साधं काम नाही. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एम लावलेलं एमडीपी (हाडांवर बसणारं औषध) द्यायचं, दोन-तीन तास भरपूर पाणी पाजायचं, लघवी करून यायला सांगायचं आणि गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवायचं. औषधाचा निम्मा-अर्धा भाग हाडांवर बसतो, उरलेला मूत्रपिंडांतून बाहेर जातो. चित्रात सांगाडा, फिकट मूत्रपिंडं आणि मूत्राशय, एवढंच दिसायला हवं.

सकाळी सात वाजता टेक्नेशियमचा जनरेटर दुहिला. (आमच्यात हाच शब्द चालतो, स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ बांधलेलं असतं, त्यातून सलाईन ओढलं की तयार झालेलं टेक्नेशियम निघून येतं आणि गाय परत पान्हावते.) शुक्रवारनंतरचा हा पहिलाच दोह, म्हणजे मध्ये ७२ तास गेलेले. ६ मिलिलिटरमध्ये २१० मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मिळाले. व्हायल (सीलबंद छोटी बाटली) शिशाच्या जाड डब्यात घालून डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रात, टेक्नेशियमबरोबर निसटून आलेलं मॉलिब्डेनम मोजलं. टेक्नेशियमचे १४० केईव्ही ऊर्जेचे किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० आणि ७८० चे बरेचसे पार होतात. सगळी युक्ती एवढीच. मर्यादा दर मिलिक्युरीमागे ०.१५ मायक्रोक्युरीची, आमचं वाचन ०.०२. साडेसातला त्यातले १३० मिलिक्युरी ४ मिलिलिटरमधून एमडीपीच्या व्हायलमध्ये घातले, पंधरा मिनिटं थांबलो आणि तपासणीच्या पट्ट्या लावल्या. शुद्धता, म्हणजे एमडीपीला जोडलं गेलेलं टेक्नेशियम, ९६ टक्के. आमच्या विभागात ९५ ची अट आहे, अमेरिकी औषधसंहितेत ९० ची. रजिस्टरमध्ये 'पास' लिहिलं गेलं.

सव्वाअकराच्या सुमारास पहिल्या रुग्णाचं चित्र आलं, अगदी स्वच्छ. दुसऱ्या नंबरवर खरं तर दुसरीच व्यक्ती होती, पण तिसऱ्या बाईंना पाठदुखीने बसवत नव्हतं, म्हणून त्यांना आधी घेतलं. त्यांच्या चित्रात डाव्या बरगड्यांखाली जठराचा पूर्ण आकार उमटला होता.

त्यांच्या फाइलमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं निदान होतं आणि रक्तातलं कॅल्शियम १२.१. त्यामुळे पहिला संशय औषधावर गेलाच नाही. कॅल्शियम फार वाढलं की ते मऊ ऊतींमध्ये बसायला लागतं आणि एमडीपी त्यामागे जातं. बसतंही ठरावीक जागी. जठराची भिंत आम्ल बाहेर टाकते, मूत्रपिंडं आम्ल टाकतात, फुप्फुसं कार्बन डायऑक्साईड टाकतात. त्यामुळे या तिन्ही ठिकाणची ऊती थोडी अल्कधर्मी राहते आणि कॅल्शियमचे क्षार तिथे सहज साचतात. जठर दिसलं, कॅल्शियम वाढलेलं आहे, गोष्ट जुळली. अशी पटकन जुळणारी गोष्ट आमच्या कामात फार महागात पडते.

कारण फुप्फुसं रिकामी होती. आणि मानेचं चित्र मोठं करून पाहिल्यावर थायरॉइडचे दोन्ही खंड दिसले, त्यांच्या वर लाळग्रंथी. वाढलेल्या कॅल्शियमने थायरॉइड उजळत नाही. थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठर ही तिघं एकत्र दिसतात तेव्हा त्यांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे आयोडाइड ओढून घेणारी पेशींमधली प्रथिनं. एमडीपीशी न जोडलेलं मोकळं परटेक्नेटेट (जनरेटरमधून टेक्नेशियम याच रूपात निघतं) आयोडाइडसारखंच त्यांच्यातून आत शिरतं.

पुढचं चित्र दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाचं. थायरॉइड जेमतेम, शोधलं तर सापडेल इतकं. मग चौथे आजोबा. त्यांचं जठर बाईंपेक्षा ठळक. स्वच्छ, वाईट, बरं, फारच वाईट असा स्कॅनचा क्रम. त्यातून काही कळत नव्हतं. मग टेक्निशियनने टोचल्याच्या वेळांचं रजिस्टर शेजारी ठेवलं : ८.०५, ८.३०, ९.१०, ९.४०, १०.१५. त्या क्रमाने चित्रं लावली आणि जठर पायरीपायरीने उजळत गेलं. व्हायल एकच, औषध एकच, बदलत होता तो फक्त ओढण्याचा क्रमांक.

व्हायलच्या तळाशी पाचेक मिलिक्युरी उरले होते. सव्वाबाराला पुन्हा पट्ट्या लावल्या. ही तपासणी दहा मिनिटांची असते, पण ती चुकवायच्याही बऱ्याच जागा आहेत, म्हणून नीट सांगते. सेंटीमीटरभर रुंद, दहाएक सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या घ्यायच्या. खालून एका सेंटीमीटरवर पेन्सिलीने रेघ. बॉलपेन वापरलं तर शाई द्रावणाबरोबर चढते. रेघेवर बारीक सुईने एक छोटा थेंब. तो वाळवत बसायचं नाही, कारण हवेत वाळताना पट्टीवरच ऑक्सिडेशन होतं आणि नसलेला दोष दिसायला लागतो. लगेच एक पट्टी अॅसिटोनमध्ये, दुसरी सलाईनमध्ये उभी करायची. द्रावणाची पातळी रेघेच्या खालीच हवी, नाहीतर थेंब भांड्यात विरघळून जातो. द्रावण वर चढलं की पट्टी मधोमध कापून दोन्ही तुकडे मोजायचे. अॅसिटोनबरोबर फक्त मोकळं परटेक्नेटेट वर जातं. सलाईनमध्ये ते आणि जोडलेलं एमडीपी दोन्ही वर जातात, तळाशी राहतं ते जलविघटन झालेलं, कलिल रूपातलं टेक्नेशियम. ते जास्त असेल तर चित्रात यकृत दिसतं. मोजणीयंत्रात फार तेज तुकडा टाकला तर यंत्र गुदमरतं आणि कमी आकडा दाखवतं, म्हणून थेंब लहानच हवा.

अॅसिटोनच्या पट्टीचा वरचा तुकडा : ३४ टक्के. सलाईनच्या पट्टीचा तळ : २ टक्के. म्हणजे जोडलेलं औषध ६४. सकाळी पावणेआठला ते ९६ होतं.

चर्चेत सगळ्यांनी आधी सोमवारच्या दोहावर बोट ठेवलं, आणि त्याला कारण होतं. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, टेक्नेशियम-९९एमचं ६. जनरेटर न दुहिता ठेवला की आत तयार झालेलं ९९एम आतल्या आत क्षय पावून साधं टेक्नेशियम-९९ होतं. त्याचा कॅमेऱ्याला उपयोग शून्य, रासायनिक भूक मात्र तीच. २४ तासांनी दुहिलं तर निघालेल्या शंभर टेक्नेशियम अणूंत २८ कामाचे असतात. ७२ तासांनी जेमतेम ८. उरलेले ९२ फुकट जेवून जातात.

जेवतात ते कथील. एमडीपीच्या व्हायलमध्ये स्टॅनस क्लोराईड, म्हणजे कथिलाचा क्षार, असतं. परटेक्नेटेट जसंच्या तसं एमडीपीला चिकटत नाही. स्टॅनस कथील त्याला इलेक्ट्रॉन देऊन खालच्या अवस्थेत आणतं, मग जोड बसतो. कथील संपलं की जोडलेलंही हळूहळू सुटायला लागतं.

पण हिशेब केला तर सोमवारचा दोह निर्दोष ठरतो. १३० मिलिक्युरी म्हणजे टेक्नेशियम-९९एमचा पाव नॅनोमोल. त्याच्याबरोबरचे फुकटे धरून ३ नॅनोमोलच्या आसपास. व्हायलमधलं स्टॅनस क्लोराईड ०.८ मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन मायक्रोमोल. कथील हजारपटीने जास्त आहे. एमडीपीला शनिवार-रविवारची सुटी बाधत नाही. मेंदूच्या स्कॅनसाठीच्या एचएमपीएओमध्ये मात्र कथील अगदी थोडं असतं. तिथे २४ तासांच्या आत दुहिलेल्या जनरेटरचाच आणि दोन तासांच्या आतला ताजा दोह लागतो. एका किटचा नियम दुसऱ्याला चिकटवून मोकळं व्हायची सवय या धंद्यात फार आहे.

आता दुसरा हिशेब. एक मिलिलिटर हवेत ऑक्सिजन साधारण ९ मायक्रोमोल असतो, आणि त्याचा एक रेणू कथिलाचे दोन अणू खाऊ शकतो. म्हणजे सिरिंजभर हवा व्हायलमधलं सगळं कथील कित्येक वेळा संपवू शकते. फक्त वेळ लागतो.

व्हायलमधून डोस त्या दिवशी कोण आणि कसे ओढत होतं हे विचारलं. एरवीचा माणूस रजेवर होता. बदली आलेल्या मुलीने जनरल वॉर्डात चार वर्षं इंजेक्शनं भरली होती, आणि तिथे शिकवलं जातं तसंच तिने केलं : जेवढं औषध काढायचं तेवढी हवा आधी आत ढकलायची, म्हणजे आत निर्वात होत नाही आणि पिस्टन सहज येतो. अँटिबायोटिकच्या व्हायलला ही शिस्तच आहे. आमची व्हायल मात्र नायट्रोजनखाली बंद केलेली असते. पहिला डोस हवा घातल्यावर लगेच निघाला म्हणून तो रुग्ण वाचला. पाचव्यापर्यंत व्हायलने पाच वेळा हवा घेतली होती आणि पहिल्या हवेला दोन तासांवर वेळ मिळाला होता. तिला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. हॉट लॅबच्या, म्हणजे ही औषधं तयार करायच्या खोलीच्या, भिंतीवर किरणोत्सर्गाचे फलक ढीगभर होते, हवेबद्दल एक ओळ नव्हती.

तरी हा अजून तर्कच होता. सकाळच्या दोहातल्या उरलेल्या २ मिलिलिटरमध्ये दुपारी एकला पस्तीसेक मिलिक्युरी शिल्लक होते. त्याच बॅचच्या दोन व्हायल्स बळी दिल्या, दोन्हींत तोच दोह, सारखाच. एकीतून हवा न घालता ओढलं, दुसरीत दर अर्ध्या तासाने एक मिलिलिटर हवा ढकलून. दर तासाला पट्ट्या. पहिलीत ९७, ९७, ९६, ९६. दुसरीत ९७, ९३, ८४, ७१. दुपारी नवा दोह काढून नवी व्हायल चांगली निघाली असती, तर कामही झालं असतं. पण दोह आणि हाताळणी दोन्ही एकदम बदलली असती आणि दोष कुणाचा ते कळलं नसतं.

योग्य पद्धत अशी : सिरिंजमध्ये बुडबुडा न ठेवता परटेक्नेटेट भरायचं, ४ मिलिलिटर आत घातलं की सुई न काढता, तिचं टोक द्रवाच्या वर ठेवून तेवढाच वायू परत ओढून घ्यायचा. डोस काढताना हवा अजिबात घालायची नाही. आत निर्वात होतो, पिस्टन जड येतो, हळू ओढायचं. फारच अडलं तर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून नायट्रोजन. काही कंपन्यांच्या किटमध्ये अॅस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल असतं, ती थोडी हवा सोसतात. त्यावर विसंबू नये.

न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांच्या सोसायट्या, म्हणजे व्यावसायिक संघटना, आणि त्यांच्या नेत्यांबद्दल इथेच एक बोलते. आपल्या सोसायटीच्या परिषदांत अध्यक्षीय भाषणं आता ल्युटेशियमवर, अल्फा किरणांच्या उपचारांवर असतात. ते हवंच आहे. पण याच सोसायट्यांचं रोजचं उपयोगी काम म्हणजे तपासणीपद्धतींच्या मार्गदर्शिका. हाडांच्या स्कॅनला ७४० ते १११० मेगाबेक्वरेल म्हणजे २० ते ३० मिलिक्युरी, चित्र दोन ते पाच तासांनी, हे आकडे आम्ही तिथूनच घेतो. पट्टी शेवटच्या डोसनंतरही लावावी, हे कुणी नेत्याने व्यासपीठावरून सांगितलं तर टाळ्या कमी पडतील, पण चित्रं सुधारतील.

उरला प्रश्न रुग्णांचा. एका स्कॅनचा किरणोत्सर्ग ४ मिलिसिव्हर्टच्या आसपास. चित्र सुंदर दिसावं म्हणून तो कुणाला दुसऱ्यांदा देता येत नाही. पहिल्या दोघांचे अहवाल दिले. चौथ्या आजोबांचा प्रश्न कमरेचा आणि ओटीपोटाचा होता. छातीच्या खालच्या भागाचा स्पेक्ट-सीटी (त्रिमितीय स्कॅन) जोडला, जठर हाडांपासून वेगळं काढता आलं, काम झालं. पाचव्याचं चित्र सर्वांत वाईट, पण विचारलं होतं फक्त उजव्या खुब्याबद्दल, आणि खुबा जठरापासून लांब असतो.

तिसऱ्या बाईंचं मात्र जमत नव्हतं. जठराचा उजेड नेमका डाव्या खालच्या बरगड्यांवर पसरलेला, आणि दुखणं पाठीबरोबर त्याच बाजूला. त्यांना आणि त्यांच्या मुलाला काय चुकलं ते सांगितलं, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याकडे नोंद केली, पैसे घेतले नाहीत. बुधवारी बोलावलं, ४८ तासांत टेक्नेशियमची आठ अर्धायुष्यं उलटतात आणि २५६ वा हिस्सा उरतो, म्हणून जुनं चित्र नव्यात मिसळत नाही. डोस ताज्या व्हायलमधून पहिला काढला, आणि काढल्यावर पट्टी लावली : ९८.

बुधवारच्या चित्रात थायरॉइड नव्हतं, जठर नव्हतं. सोमवारी जिथे जठर होतं तिथे, डाव्या नवव्या बरगडीच्या पुढच्या भागात, एक ठिपका होता.